आज उघाडीवर कोण

१

कांदळखारच्या भाताखाली खाडीचं पाणी शिरलं ते भर दुपारी, सगळा गाव रोह्याला लग्नाच्या पंगतीत बसला होता तेव्हा. भात कापून कडपं, म्हणजे कापलेल्या भाताच्या न बांधलेल्या मुठी, शेतातच पसरलेली होती. संध्याकाळी माणसं लग्नाच्या कपड्यांतच बांधावर धावली, तर पाणी आपलं काम करून परतही गेलेलं आणि उघाडीची झडप उचललेली ती उचललेलीच. भिजलेलं भात वाळवता येतं, पण एकदा जमिनीत मीठ बसलं की ती पुढची दोनतीन वर्षं रुसून बसते, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

ज्यांनी पेणचा खाडीकाठ पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. खाडी आणि शेतं यांच्यामध्ये मातीचा बांध असतो आणि त्या बांधात पाण्याचं एक दार, त्याला म्हणतात उघाडी. ओहोटीला झडप उचलायची म्हणजे शेतातलं पाणी बाहेर जातं. भरती लागायच्या आत झडप पाडायची म्हणजे खाडीचं पाणी बाहेरच राहतं. या कामाला रोज एका घराची पाळी लागते. एरवी कोणाची चुकली तरी निभावून जातं, पण उधाणाची भरती कोणाला माफ करत नाही. आणि पुनव नुकतीच होऊन गेली होती.

त्या दिवशीची पाळी जनूची होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तो माझ्या दुकानात येऊन उभा राहिला. मी प्रविण. रामवाडीला माझं झेरॉक्स आणि छपाईचं दुकान आहे. लग्नपत्रिकांपासून निवडणुकीच्या पत्रकांपर्यंत सगळं छापतो आणि सगळ्यांची गुपितं पोटात ठेवतो, असं मी म्हणतो. बायको म्हणते, त्यातला दुसरा भाग खोटा आहे. जनू मिठागरात राबलेला, साठीचा, कमी बोलणारा माणूस. त्या दिवशी मात्र तो थांबायला तयार नव्हता.

झालं होतं ते असं. गावाच्या बांध समितीनं वर्षभरापूर्वी वेबसाईट काढली. तिच्यावर दर महिन्याचा पाळीचा तक्ता असतो आणि पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरांची एक चौकट असते, 'आज उघाडीवर', आणि खाली त्या दिवसाचं नाव. जनूच्या मोबाईलची काच फुटलेली, बारीक अक्षर त्याला दिसत नाही, म्हणून तो फक्त ही चौकट बघतो. लग्नाच्या सकाळी चौकटीत गुणाजीचं नाव होतं. जनू निर्धास्तपणे लग्नाला गेला. संध्याकाळी बांधावर गुणाजीनं खिशातून तक्त्याचा छापील कागद काढून सगळ्यांसमोर धरला. कागदावर त्या तारखेला जनू होता, गुणाजी आदल्या दिवशी होता आणि आदल्या दिवशी त्यानं आपली पाळी केलीही होती.

वर आणखी कहर म्हणजे आज सकाळी चौकटीत जनूचं नाव आलं होतं. एक दिवस उशिरा.

"मी इसरलो असतो तर इसरलो म्हनून पाया पडलो असतो," जनू म्हणाला. "पन मी वाचलंय. माझ्या डोल्यानं वाचलंय."

रविवारी देवळात सभा बोलावली होती. जनूच्या घराची पाळी काढून घ्यायची, एवढाच विषय होता. बाहेरच्याला यात काय मोठं असं वाटेल. पण ज्या घरावर उघाडी सोपवत नाहीत त्या घराला कांदळखारात बांधाच्या कामाला कोणी हाक मारत नाही, आणि मग लग्नकार्यालाही हळूहळू विसरतात. जनूच्या आज्यापासूनची पाळी होती ती.

गुणाजी आणि जनू, दोघंही माझी जुनी गिऱ्हाइकं. दोघांपैकी कोणी खोटं बोलेल असं मला वाटत नव्हतं, पण दोघांतला एक जण तर बोलतच असणार होता. माझं डोकं चालेना तेव्हा मी रोह्याला नमिताला फोन लावला.

२

नमिता रोह्याला स्टेशनच्या रस्त्यावर कॉम्प्युटरचा क्लास चालवते. कॉलेजात आम्ही एका वर्गात होतो. तेव्हापासून कोणाची वही हरवली, सायकल गेली, प्रेमपत्र भलत्याच्या हाती पडलं, की लोक तिच्याकडे जायचे. ती फार हुशार आहे असं मी तिच्या तोंडावर कधी म्हणत नाही, डोक्यावर बसेल. इथे लिहायला हरकत नाही. आपण गोष्ट ऐकताना मनात निकाल लावून मोकळे होतो. नमिता मात्र समोरचं शेवटपर्यंत वाचते आणि मगच तोंड उघडते.

ती एसटीनं आली, चहा नको म्हणाली, आणि म्हणाली, कागद दाखव.

कागद माझ्याकडे होताच, कारण तो छापला होता मीच. महिन्याच्या सुरुवातीला जनूची सून पुतळी पेनड्राइव्ह घेऊन आली होती. आधी तक्ता भरायचं काम निकेश करायचा, ज्यानं ती वेबसाईट बनवली. तो धाटावच्या कंपनीत आहे. या महिन्यात त्याला जादा शिफ्ट लागल्या, म्हणून त्यानं पुतळीला फोनवर समजावून काम दिलं. पुतळी गेल्या वर्षी नमिताच्याच क्लासला जायची.

नमितानं कागद टेबलावर पसरला. डाव्या कोपऱ्यात 'श्री'. त्याखाली मथळे: तारीख, भरतीची वेळ, पाळीचं घर, फोन. आणि त्याखाली अख्खा महिना. रकाने जसे आखून दिलेले. घरांची नावं एका रेषेत, फोन नंबर एकाखाली एक, उधाणाच्या दिवसांच्या ओळी फिकट पिवळ्या रंगात, म्हणजे लांबून बघणाऱ्यालाही धोक्याचा दिवस कळावा. मी रोज लोकांचे तक्ते छापतो. त्यातले निम्मे असे असतात की डोकं उठतं, एक रकाना पानभर आणि दुसऱ्यात अक्षरं उभी राहायलाही जागा नाही. हा तक्ता बघून मला खरंच बरं वाटलं होतं.

"हिच्या हाताला वळण आहे," नमिता म्हणाली, आणि तिच्या आवाजात जे कौतुक होतं ते मला शिकवणाऱ्या कोणत्याही मास्तरांनी माझ्या वाट्याला येऊ दिलं नव्हतं.

मी म्हटलं, एकच गोष्ट मला खटकली होती. श्री मधोमध नव्हता. पत्रिकेवर आपण कसा मधोमध घेतो. मी पुतळीला तसं सांगितलंही, पण ती म्हणाली, दादा, मी लय बघितलं, तो कोपऱ्यातनं सरकतच नाय. मग मीही सोडून दिलं.

नमिता नुसती हसली आणि मला वेबसाईट लावायला सांगितली. मी लावली. पडद्यावर तक्ता नव्हता, चौकट नव्हती, गावाच्या देवळाचा फोटोही नव्हता. एकच वाक्य होतं: दुरुस्तीसाठी बंद.

जनूनं सकाळी बघितलेली वेबसाईट त्यानंतर कोणी तरी बंद केली होती. ते करू शकेल असा गावात एकच माणूस होता, निकेश. आणि निकेश हा गुणाजीचा सख्खा भाचा.

३

आम्ही दुपारी कांदळखारला गेलो तेव्हा माझा निकाल तयार होता. मामानं सांगितलं, भाच्यानं बटणं दाबली, जनू अडकला. नमिताला मी तो वाटेतच ऐकवला. ती म्हणाली, बरं.

गुणाजी बांध समितीचा अध्यक्ष. आवाज असा की पलीकडच्या गावातली कुत्री उठतात. त्यानं आमचं स्वागत केलं नाही, पण खोटंही काही सांगितलं नाही. फोनवर तो काही बघत नाही. तक्त्याचा एक कागद देवळाच्या खांबावर, एक त्याच्या खिशात, संपलं. चौकट कशाला म्हणतात तेही त्याला धड माहीत नव्हतं. जनूशी वैर आहे का, असं नमितानं सरळच विचारलं.

"वाजतं आमचं, व्हय," तो म्हणाला. "पन सगल्यात जास्ती भात माझं भिजलंय, बाई. त्याला अडकवायला मी माझ्याच शेतात पानी घेईन? येडा हाय काय मी?"

माझा तयार निकाल तिथेच थोडा डगमगला. मी तो सावरून धरला.

मग विठू भेटला. विठू म्हणजे गावाच्या चेष्टेचा हक्काचा विषय, आणि त्याला त्याचं काही वाटत नाही. नमितानं त्याला विचारलं की या महिन्यात पाळीचा आणखी काही घोटाळा झाला का. तो लाजत म्हणाला की झाला, पण माझाच. गेल्या आठवड्यात चौकटीत नाव बघून तो उघाडीवर गेला, तर तिथे धोंडुबाई आधीच झडप पाडून विडी ओढत बसलेली. तुझी पाळी काल होती, आज माझी हाय, म्हणून तिनं त्याला पिटाळला. भरती तेव्हा कमी होती म्हणून आदल्या दिवशीचं निभावलं. तेव्हापासून सगळे त्याला कालचा विठू म्हणतात.

जाता जाता त्यानं आणखी एक सांगितलं. महिन्याच्या पहिल्या दिवशी चौकटीत कोणाचंच नाव नव्हतं. 'आज उघाडीवर' आणि खाली 'पाळीचं घर', एवढंच. विठूनं ठरवलं की आज देवाची पाळी असणार आणि तो मासे पकडायला गेला. मला हसू आलं. म्हटलं, नेटवर्कचा घोळ. नमिता हसली नाही. तिनं त्याला तेच पुन्हा सांगायला लावलं.

पुतळी शेतात भिजलेली कडपं उचलून बांधावर वाळत घालत होती. सासऱ्यावर आळ आल्यापासून तिनं घरात चूल पेटवली तेवढंच, बोलली कोणाशी नव्हती. नमितानं आळाचं काही काढलंच नाही. तक्ता सुंदर झालाय म्हणाली, आणि कसा केलास म्हणून विचारलं. पुतळी क्षणभर सगळं विसरली. किती रकाने लागतील ते तिनं आधी पाटीवर आखून बघितलं होतं. मग टेबलाचं बटण दाबून तेवढे खण घेतले. एका खणातून दुसऱ्यात जायला माउस लागत नाही, एक बटण आहे, ते सापडल्यावर हात असा धावायला लागला म्हणे. मध्येच एक घर राहिलं तर तिनं पुसापुशी केली नाही. त्या ओळीवर जाऊन 'वर ओळ घाला' दाबलं आणि सगळा तक्ता आपोआप खाली सरकून जागा करून देता झाला. हे सांगताना तिचे डोळे असे चमकत होते की मला माझ्या दुकानातल्या नव्या यंत्राचा पहिला दिवस आठवला.

"मॅडम, मी कोनाचं पन नाव हलवलं नाय," ती शेवटी म्हणाली. "आबांचं तर नायच नाय."

नमितानं विचारलं, सगळं भरून झाल्यावर काय केलंस. पुतळी म्हणाली, दोनदा वाचलं, नमस्कार केला आणि सेव्ह केलं.

४

निकेश धाटावला शिफ्टवर होता. कंपनीच्या फाटकावर मोबाईल जमा करतात, त्यामुळे फोन लागण्याचा प्रश्नच नव्हता. आम्ही रोह्याहून रिक्षा करून फाटकासमोरच्या टपरीवर जाऊन बसलो. शिफ्ट सुटली, बस भरल्या, मोटारसायकली निघाल्या, आणि त्या गर्दीत आम्हाला बघून निकेशचा चेहरा जो उतरला तो बघून माझ्या निकालात पुन्हा जीव आला.

त्यानं कबूलच केलं. वेबसाईट त्यानंच बंद केली होती. सकाळी शिफ्टला निघताना चौकटीत जनूचं नाव दिसलं, एक दिवस उशिरा. आपण केलेल्या कामात काही तरी मोडलंय हे त्याला कळलं, काय ते कळेना, आणि गाव म्हणणार मामानं करायला लावलं. घाबरून त्यानं सगळं झाकून टाकलं. झाकलेलं जास्त दिसतं हे त्याला टपरीवर बसल्यावर सुचलं.

त्याच्या रोह्याच्या खोलीवर जाऊन त्यानं लॅपटॉप उघडला. वेबसाईटच्या आतल्या बाजूला एक जागा असते, तिथे पानात कधी कधी बदल झाला ते सगळं दिसतं. निकेशनं ती जागा उघडली.

या महिन्याचा तक्ता एकदाच सेव्ह झाला होता, पुतळीनं भरला त्या दिवशी. त्यानंतर कोणी अक्षरही बदललेलं नव्हतं. करणाऱ्याच्या जागी 'अॅडमिन' असं होतं, कारण सगळी समिती एकाच नावानं आणि एकाच पासवर्डानं आत जायची, पण त्यानं आता फरक पडत नव्हता. कोणी काही केलेलंच नव्हतं. गुणाजीनं नाही, निकेशनंही नाही.

म्हणजे तक्त्यात पहिल्या दिवसापासून जनूच होता. म्हणजे जनू खोटं बोलत होता. मला फार वाईट वाटलं. त्या माणसानं माझ्यासमोर डोळ्यांची शपथ घेतली होती.

नमिता मात्र खुशीत होती. तिनं निकेशला विचारलं की चौकटीत नाव येतं ते कुठून. त्यानं सांगितलं, तक्त्यातूनच. तारीख जितकी, तितकी ओळ मोजायची आणि तिथलं घर उचलायचं. अगदी वरची ओळ सोडून मोजायचं, कारण ती मथळ्यांची. वर्षभर बिनचूक चाललं होतं.

नमितानं पर्समधून माझा छापील कागद काढला आणि माझ्यापुढे ठेवला. "यातली पहिली ओळ वाच."

मी वाचली. "तारीख, भरतीची वेळ, पाळीचं घर, फोन."

"मी पहिली म्हटलं, प्रविण."

मी पुन्हा तेच वाचलं, जरा मोठ्यानं, कारण मला राग आला होता. तेवढ्यात निकेशनं कपाळावर हात मारून घेतला.

५

श्री. कोपऱ्यातला तो श्री.

मी जन्मभर पत्रिका छापत आलो. श्री मीच लावतो, गिऱ्हाइकानं सांगितलं नाही तरी लावतो, आणि म्हणूनच तो मला दिसत नाही. पत्रिकेवर तो चौकटीच्या बाहेर असतो. इथे त्याच्या चारी बाजूंना रेघ होती आणि उजवीकडे तीन रिकामे खण होते. तो नुसता वर लिहिलेला नव्हता, ती तक्त्याची एक अख्खी ओळ होती. पुतळीनं 'वर ओळ घाला' शिकून घेतलं आणि सगळं भरून झाल्यावर, आपल्यात कोणताही चांगला कागद जसा सुरू होतो तसा, सर्वांत वर एक ओळ घालून श्री लिहिला. त्याला खण सोडून मधोमध जाताच येईना, तेव्हा तिनं नमस्कार केला आणि सेव्ह केलं.

नमितानं बाकीचं एकेक करून मांडलं आणि मी फक्त माना डोलावल्या. यंत्राला सांगितलं होतं, सर्वांत वरची ओळ सोड. त्यानं श्री सोडला. मग मोजायला लागलं तर एक तारखेच्या वाट्याला आली मथळ्यांची ओळ, म्हणून विठूला 'पाळीचं घर' दिसलं. तिथून पुढे रोज आदल्या दिवसाचं घर येत गेलं. कागद बघणारे वेळेवर जात होते, चौकट बघणारे एक दिवस उशिरा. विठू म्हणूनच धोंडुबाईला जाऊन भिडला. आणि उधाणाच्या सकाळी जनूला आदल्या दिवशीचा गुणाजी दिसला. दोघांनीही खरं तेच सांगितलं होतं.

मी खरंच टाळी वाजवली. एका कागदाकडे बघून तिला याचा वास माझ्या दुकानातच लागला होता, आणि तरी खात्री होईपर्यंत कोणावर एक शब्द टाकला नव्हता. विठूचं बोलणं मी थट्टेवारी नेलं होतं, तिनं त्यातून अर्धं गणित सोडवलं होतं. माझ्या ओळखीत असं दुसरं माणूस नाही.

पण ती खुश नव्हती आता. जनूला सोडवायचं तर पुतळीचं नाव घ्यावं लागणार होतं. गाव श्री बघणार नव्हतं, भिजलेलं भात बघणार होतं.

शनिवारी आम्ही आधी जनूला एकट्याला गाठून सगळं सांगितलं. तो खाली बघत ऐकत राहिला. आपण खोटे नव्हतो हे कळल्यावर माणसाला जे वाटायला हवं ते त्याच्या चेहऱ्यावर आलं आणि तितक्याच लवकर गेलं.

"बाई, नका सांगू," तो म्हणाला. "माझं नाव गेलंय ते जाऊद्या. पोरीनं पयल्यांदा कायतरी हातात धरलंय. उद्या सगला गाव तिच्यावर तुटून पडंल, मग ती परत मशीनीला हात लावनार नाय."

नमितानं त्याला सांगितलं की ती खोटं बोलणार नाही, पण विचारल्याशिवाय नावही घेणार नाही. यापेक्षा जास्त तिला देता येत नव्हतं.

६

सभा देवळाच्या ओटीवर भरली. नमितानं निकेशच्या लॅपटॉपवरचा तक्ता भिंतीवर मोठा करून दाखवला आणि मला समजावलं तसंच सगळ्यांना समजावलं, न रागावता, न घाई करता. विठूला आपण वेंधळे नव्हतो हे कळलं तेव्हा त्यानं उठून चारी बाजूंना नमस्कार केला. धोंडुबाईनं त्याला खाली ओढून बसवलं. मग गुणाजीनं तो प्रश्न विचारला, जो विचारला जाणारच होता. ही ओळ घातली कोणी?

नमिता उत्तर द्यायला तोंड उघडते तोच जनू उभा राहिला. "मीच घालायला लावली," तो म्हणाला. "श्रीबिगर कागद नको म्हटलं मी. काय करायचं ते माझं करा."

तो इतकं वाईट खोटं बोलला की मला त्याचा अभिमान वाटला.

बायकांच्या बाजूला पुतळी उठली. पदर दोन्ही मुठींत धरला होता. आबा खोटं बोलतायत, ती म्हणाली. श्री तिनं घातला, तिला कोणी सांगितलं नव्हतं, आणि त्यानं पाणी शिरेल हे तिला आत्ता ऐकेपर्यंत माहीत नव्हतं. आबांची पाळी काढायची तर त्यांची चूक असली पाहिजे. चूक त्यांची नाही, तिची आहे.

सगळे गुणाजीकडे बघत होते, कारण भात त्याचं जास्त भिजलं होतं. त्यानं खिशातून तो कागद काढला. घड्या मोडून लुळा झाला होता. त्यानं तो डोळ्यांजवळ धरला आणि पहिली ओळ बघितली.

"रोज खिशात घेऊन हिंडलो," तो म्हणाला, त्याच्या मानानं अगदी हळू. "मला तरी कुठं दिसला? जनूभाऊ, तुला मी चारचौघांत खोटा ठरवला. ते चुकलं माझं." आणि पुतळीकडे वळून त्यानं सांगितलं, बस गो, कोन काय बोलत नाय तुला.

आता फक्त ती ओळ काढायची राहिली होती, आणि तिथे गंमत झाली. निकेशनं लॅपटॉप पुढे घेतला, ओळ निवडली, आणि त्याचं बोट बटणावर अडलं. देवळाच्या ओटीवर बसून श्री पुसायचा? त्यानं लॅपटॉप मामाकडे सरकवला, मामानं विठूकडे, विठूनं दोन्ही हात मागे घेतले. मी तर आधीच खांबाआड झालो होतो. नमिता तेवढी शांत होती. तिनं लॅपटॉप पुतळीपुढे ठेवला आणि म्हणाली, काढायचा नाहीये, जागेवर न्यायचा आहे. तक्त्याला ओळींच्या बाहेर, वर, एक जागा असते. शोध.

पुतळीनं शोधली. एकेक बटण उघडून, वाचून, बंद करत ती पुढे जात होती, आणि तीसचाळीस माणसं एका बाईचं बोट कुठे जातंय ते बघत होती. शीर्षकाची जागा तिला मिळाली. कोपऱ्यातला श्री उचलून तिनं तिथे नेऊन ठेवला. तो आपणहून मधोमध जाऊन बसला. मग तिनं रिकामी झालेली पहिली ओळ काढली, सगळा तक्ता एक पाऊल वर आला, आणि चौकटीत त्या दिवसाचं खरं घर उमटलं. ते धोंडुबाईचं होतं. भरतीला वेळ होता तरी ती झटकन उठून चप्पल शोधायला लागली.

जनूची पाळी जनूकडे राहिली, त्यावर कोणी हातही वर करायला लावले नाहीत. पुढच्या महिन्याचा तक्ता पुतळीनंच भरायचा, असं गुणाजीनं परस्पर ठरवून टाकलं. नमितानं एकच अट घातली. एकाच नावानं सगळ्यांनी आत जायचं हे बंद करा, ज्याचं काम त्याच्या नावावर दिसू द्या. निकेशनं तिथल्या तिथे पुतळीसाठी नवं खातं उघडलं आणि नावाच्या जागी काय घालू म्हणून विचारलं.

"घाल, जनूची सून," गुणाजी म्हणाला.

"पुतळी घाला, भावजी," ती निकेशला म्हणाली. बसल्या जागेवरूनच, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं. "चूक झाली तेवा मी माझंच नाव सांगितलं. आता काम पन त्याच नावावर लागूदे."

गुणाजीनं जनूकडे बघितलं. जनू म्हणाला, मग घाल की.

निकेशनं 'पुतळी' असं लिहिलं आणि पासवर्ड टाकायला लॅपटॉप तिच्याकडे फिरवला. कोणी काही सांगितलं नाही, तरी गुणाजीपासून विठूपर्यंत ओटीवरच्या सगळ्या माणसांनी तोंडं खाडीकडे वळवली आणि तिचं लिहून होईपर्यंत तशीच ठेवली.